टॉवेल बांधून राजूरला

तिसगावच्या गहिनीनाथांनी उजवा गुडघा बदलून घेतला, पण तो वाकवायला ते तयार नव्हते. टाके उसवतील अशी धास्ती मनात बसली होती. डॉक्टरांनी समजावलं, मुलाने हात जोडले. पाय आपला ताठ.

नगरच्या दवाखान्यात व्यायाम घेणाऱ्या निकिताने मग त्यांच्या डोळ्यांवर एक जाडजूड काळा चष्मा चढवला. आत हिरवं माळरान दिसत होतं, मध्ये मध्ये पाण्याचे ओहोळ. ओहोळ आला की पाय उचलायचा. गहिनीनाथ वॉकर धरून जागच्या जागी चालू लागले आणि एकामागून एक ओहोळ ओलांडत सुटले. नंतर निकिताने मोबाईलवर त्यांना त्यांचाच वाकलेला गुडघा दाखवला.

"ह्यो माझा न्हाई," ते म्हणाले.

घरी आल्यावर पाय पुन्हा ताठ. चष्म्याशिवाय जमायचं नाही, असं सांगून ते खाटेवर आडवे झाले.

त्यांच्या पत्नी बनुबाईंनी दवाखान्यात हे सगळं पाहिलं होतं. सकाळी त्यांनी नवऱ्याला वॉकर धरून उभं केलं आणि त्यांच्या डोळ्यांवर टॉवेल बांधला.

"आगं, काय करतीस?"

"गप चाला. म्होरं दगुड हाय, पाय उचला."

त्यांनी उचलला.

"आता वढा आला. आता चढ लागला. डाव्या हाताला करवंदीची जाळी हाय."

गहिनीनाथ थबकले. तिसगावात कुठली करवंदं?

"कुटं चालवलंस मला?"

"राजूरला. माज्या माहेरी."

मेहुण्याने, गोरक्षने, आपल्या मुलीच्या लग्नात मानाचा फेटा आधी दुसऱ्याच पाहुण्याला बांधला म्हणून गहिनीनाथ भर मांडवातून उठून आले होते. त्यानंतर ते कधी तिकडे गेले नाहीत आणि बनुबाईंनाही त्यांनी जाऊ दिलं नाही.

टॉवेल काढायला त्यांचा हात वर गेला, पण तोल जातोय म्हटल्यावर तो पुन्हा वॉकरवर आला.

"उंबरा आला," बनुबाई म्हणाल्या. "उच हाय. नीट वाकवा."

गहिनीनाथ बराच वेळ तसेच उभे राहिले. मग गुडघा वाकवून त्यांनी पाय पलीकडे टाकला.

पुढे रोज सकाळी हेच चाललं. वॉकर सुटला, काठी आली. दिवाळी झाल्यावर गहिनीनाथांनी आपणहून एसटीची चौकशी केली.

राजूरच्या स्टँडवर गोरक्ष आला होता. त्याने वाकून नमस्कार केला आणि पिशवी घेतली. बनुबाई भावजयीशी बोलत पुढे निघाल्या. मागून गहिनीनाथ सावकाश चालत होते.

"यंदा भात कसाय?" त्यांनी मेहुण्याला विचारलं.

"बरा हाय," गोरक्ष म्हणाला आणि त्यांच्या बरोबरीने हळू चालू लागला.