पंचविसाच्या आतली गाडी

पुलाच्या तोंडाशी पोलीस विजेच्या दुचाक्या अडवताना दिसला आणि नर्सबाईंनी ब्रेक दाबला. पुढे चार गाड्या होत्या. प्रत्येकीचं चाक वेग मोजायच्या रोलरवर चढवून पोलीस एकच बघत होता, वेग पंचविसाच्या वर जातो का. नाही गेला तर लायसन्स लागत नाही. गेला, तर ती मोपेड, काढा लायसन्स.

नर्सबाईंचं लायसन्स दोन वर्षांपूर्वीच रद्द झालं होतं. भर चौकात गाडीवर फिट आली होती, थोडक्यात वाचल्या. तेव्हापासून ही गोगलगाय गाडीच त्यांचा आधार. घरोघरी जाऊन जखमांची पट्टी बदलायची, इंजेक्शनं द्यायची. गाडी जप्त झाली की नोकरीवर पाणी.

आणि ही गोगलगाय महिनाभर चाळीसनं पळत होती.

हा उद्योग धाकट्या दिराचा. पुलापलीकडे त्याचं गाड्या दुरुस्तीचं दुकान, आणि हात स्वस्थ बसतील तर शपथ! ब्रेक बघतो म्हणून गाडी नेली आणि वेग बांधून ठेवणारी वायर गुपचूप काढून टाकली. वहिनी दमून येते, तेवढाच हातभार. असा हातभार वैऱ्यालाही लागू नये.

त्यांनी त्याला फोन लावला. "पुलावर गाड्या तपासतायत रे."

"वहिनी, थांब तिथंच. आलो."

दोन गाड्या उरल्या. हेल्मेटचा पट्टा त्यांनी सोडला, लावला, पुन्हा सोडला. वळावं तर मागे टेम्पो. मग एक गाडी. मग त्यांचीच.

काटा बेचाळीसवर गेला.

दीर धापा टाकत पोचला. "साहेब, वायर मी काढली. वहिनीला यातलं काही माहीत नाही."

"मग केस दुकानावर," पोलीस म्हणाला. "बाई, माहीत नव्हतं असं लिहून द्या आणि सुटा."

नर्सबाईंनी पेन हातात घेतलं, परत दिलं. "माहीत होतं. पहिल्याच दिवशी कळलं."

"अगं, मग बोलली का नाहीस?" दीर ओरडला.

"दोन वर्षं मला सायकलवालेसुद्धा मागे टाकत होते. त्या दिवशी मी एका रिक्षाला मागे टाकलं. घरी येईपर्यंत हसत होते रे."

"आणि फिट आली असती तर?" तो रडकुंडीला आला होता.

"तेही माहीत होतं," त्या म्हणाल्या आणि किल्ली पोलिसाच्या हातात ठेवली.