तुळसाबाईंचा गडवा

"रिठदचं पाणी पिऊ नका गं, पोटं बिघडतील!" बसमध्ये असं ओरडून सांगणारी शहाणी मीच. योगिनी, पुण्याच्या नर्सिंग कॉलेजात तिसऱ्या वर्षाला. मूळची इथलीच, रिठदसारख्याच वाशिम जिल्ह्यातल्या मेडशीची. पण पुण्याच्या पोरींपुढे मला इथलं सगळं माहीत असल्याचा तोरा मिरवायचा होता, आणि आपण इथल्यासारख्या नाही हेही दाखवायचं होतं. काय बाई माझा तो थाट!

आमची अभ्याससहल होती. गावातल्या रीतीभाती पाहायच्या आणि घरोघरी तब्येतीची चौकशी करायची. तुळसाबाईंच्या घरी आम्ही चौघी मुली आणि शुभांगी मॅडम गेलो. अंगणात सोयाबीन वाळत होतं.

"बसा वो माय, आधी पाणी प्या," म्हणत तुळसाबाईंनी चिंचेने घासलेला पितळी गडवा, म्हणजे आमच्याकडचा तांब्या, आणला. पहिला पेला माझ्यासमोर धरला.

"नको, आहे आमच्याकडे," मी म्हणाले आणि वर बाटली उघडून घटाघटा प्यायलेसुद्धा. माझं बघून बाकीच्यांनीही बाटल्या काढल्या. तुळसाबाई पेल्यासकट गडवा आत घेऊन गेल्या.

त्यांची सून निकिता सात महिन्यांची गरोदर होती. ओठ पांढरेफटक, दोन पावलं चालली तरी धाप लागत होती. मॅडमनी बोटातून थेंब घेऊन तपासलं, तर अंगात रक्त फारच कमी. त्यांचा चेहराच उतरला. उद्याच वाशिमच्या दवाखान्यात न्या, नाहीतर बाळंतपणात जिवावर बेतेल, असं त्यांनी समजावून सांगितलं आणि रक्तवाढीच्या गोळ्या पुढे केल्या.

तुळसाबाईंनी हातसुद्धा लावला नाही. "नाई येत आमची सून."

"अवो मावशी, काहून?" माझ्या तोंडून निघून गेलं. घाबरले की माझी वऱ्हाडी बाहेर येते, तिथे पुणं काही कामाचं नाही.

तुळसाबाईंनी मान वळवली. "कुठची वो तू?"

"मेडशीची."

"मेडशीची? मंग तुले त माहीत असन. तुमाले आमच्या पाण्याचा ईटाय, त तुमच्या गोळ्या आमी कायले खाव्या?"

विटाळ! मॅडम घाईघाईने सांगू लागल्या, तसं काही नाही, पोरींना बाहेरचं पाणी सोसत नाही म्हणून. तुळसाबाई ऐकतच नव्हत्या. त्या माझ्याकडे बघत होत्या. आमच्या मेडशीच्या घरी भांडी विकायला आलेल्या माणसालाही आधी पाणी देतात, मग भाव विचारतात. कोणी न पिता गेलं, तर आई संध्याकाळभर घोर लावून घेते, आपलं काय चुकलं म्हणून. हे मला माहीत नव्हतं? चांगलं माहीत होतं. अशी लाज वाटली, की मान वर करवेना. आणि माझ्या मिजाशीपायी ती पोरगी जिवाला मुकली असती तर?

"मावशी, मले पाणी द्या," मी म्हणाले.

"आता तहान लागली?"

"नाई. चुकलं माझं."

त्यांनी गडवा आणला. मी पेला रिकामा केला. पाणी गार होतं, दुहेरी फडक्यातून गाळलेलं, आमच्या घरच्यासारखंच.

तुळसाबाईंनी मॅडमच्या हातातून गोळ्या घेतल्या आणि निकिताच्या पदरात टाकल्या. "नेतो उद्या वाशिमले." माझा जीव भांड्यात पडला, मी हसणार तेवढ्यात त्या म्हणाल्या, "तू पाणी पेली म्हणून नाई. तिचं तोंड मलेबी दिसते. ह्या पोरी बाहेरच्या, त्यायचं मले काई वाटलं नाई. पण तू कायले नाई पेली, माय?"

मी रिकामा पेला गडव्यावर पालथा घातला.

परतताना बसमध्ये आईचा फोन आला. "रिठदच्या लोकायनं पाणीगिणी इचारलं का वो तुले?"

"इचारलं," मी म्हणाले, आणि फोन ठेवून दिला.