बझर नको, दिवा पायजे

मोर्शीजवळ अब्दुल रहीमचा पिकअप तापून बंद पडला, तेव्हा मागे शेंदूरजनाघाटची संत्री भरलेली होती. गाडीखालून पाणी गळून वाफ निघत होती, पण मोटारसायकलवरच्या एका माणसानं शेजारून हात हलवून थांबवलं तेव्हाच ते त्याच्या लक्षात आलं.

मेकॅनिक साजिदनं फॅनचा तुटलेला पट्टा ओढून बाहेर काढला. "चाचा, हा तुटायच्या आधी लई ओरडला असंल. तुमाले आवाज नाही आला?"

"गाणे लावले होते," रहीम म्हणाला.

त्यानं गाणी लावली नव्हती. बायको जैनबबी वारल्यापासून गाडीतला टेप बंदच होता. मुलीचं, शाइस्ताचं, लग्न झाल्यावर अकोल्याच्या घरात एकटी बसण्यापेक्षा जैनबबी त्याच्यासोबत गाडीत बसायला लागली होती. मधेच म्हणायची, "थांबा जी, काहीतरी किरकिर करून राह्यलं." तो कुरकुरत उतरायचा आणि बहुतेक वेळा तिचंच खरं निघायचं. बाईमाणूस आहे, उगाच घाबरते, असं तो म्हणायचा. आता त्या रस्त्याच्या कडेला त्याला कळलं, की बारीक आवाज त्याच्या कानातून कधीचेच गेले होते. माणसांचं बोलणं समोरून कळायचं, ट्रकचा भोंगा ऐकू यायचा, म्हणून त्याला पत्ताच लागला नाही.

"कंपनीच्या मीटरच्या भरवशावर राहू नका," साजिद म्हणाला. "त्याचा काटा मधातच बसून राहते. अमरावतीले जाऊन वेगळे मीटर घ्या."

पुढच्या फेरीत तो अमरावतीच्या एका ॲक्सेसरीजच्या दुकानात गेला. दुकानदार रोहितनं काउंटरवर मीटर मांडले. पाण्याच्या तापमानाचं, ऑइल प्रेशरचं, टर्बोच्या बूस्टचं.

"बूस्टचं कायले पायजे?" रहीमनं विचारलं.

"पोरं लावतात, शायनिंगसाठी. तुमाले नाही लागत. हे दोन घ्या. काट्याचं का डिजिटल?"

रहीमनं दोन्ही हातात घेऊन पाहिले. डिजिटलचे आकडे उन्हात पुसट दिसत होते. काट्याचं मीटर मोठं होतं, लाल पट्टा ठळक होता. रोहित मात्र पाठमोरा होऊन फळीवरचं खोकं काढत काहीतरी बोलत होता. रहीम मीटरचा काटाच न्याहाळत होता. रोहितनं वळून त्याच्याकडे पाहिलं.

"मी म्हनलं, काट्याकडं कोण सारखं पाहते? हे बझरवालं घ्या. गाडी तापली का बारीक शिट्टीवानी बोंबलते. ऐका."

त्यानं वायर बॅटरीला लावली. बाजूला हेल्मेट पाहणारी बाई दचकून वळली. दारातल्या म्हाताऱ्यानं कानावर हात ठेवला. रोहित हसत रहीमकडे पाहत होता.

रहीमला काहीच ऐकू आलं नाही.

तो त्या मीटरकडे पाहत उभा राहिला. खोटं बोलायला तोंडाशी शब्द आले होते. पण रस्त्यात पुन्हा असंच झालं तर हात दाखवायला दरवेळी कोणी भेटणार नव्हतं.

"बझर नको," तो म्हणाला. "दिवा पायजे. मले ऐकू येत नाही."

हे त्यानं आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. रोहितनं वायर काढली. काउंटरला वळसा घालून तो रहीमच्या अगदी समोर येऊन उभा राहिला आणि सावकाश बोलला, "काट्याच्या मीटरमधी लाल दिवा टाकून देतो. स्टेअरिंगच्या वर बसवू, नजरेसमोर. चालंल?"

"चालंल."

मीटर बसेपर्यंत दुपार टळली. निघताना रहीमनं गाडी राजापेठेकडं वळवली. शाइस्ता तिथं राहायची. दुकानात बोलता आलं, तर पोरीला सांगायला काय हरकत आहे, असं त्याच्या मनात आलं.

शाइस्तानं चहा ठेवला. गॅसकडं तोंड करून ती बोलत होती. तिची मान हलताना दिसत होती. तो वाट पाहत राहिला. ती वळली.

"अब्बा, मी काय विचारून राह्यली?"

"माहीत नाही बेटा. मले ऐकू नाही आलं."

शाइस्ता हसली. "तुमचं ध्यान कुठं राहते? अम्मी पण हेच म्हणायची." तिनं कप त्याच्या हातात दिला आणि पुन्हा ओट्याकडं वळून बोलायला लागली.

तिच्या पाठीकडं पाहत त्यानं चहा संपवला. पुन्हा सांगावं म्हणून तो दारात थोडा थांबला, पण तिचा फोन वाजला असावा, कारण ती आत पळाली.

अकोल्याच्या रस्त्याला लागल्यावर त्यानं दोन्ही काचा खाली केल्या. ऊन उतरलं होतं. समोरचा काटा हळूहळू वर चढला आणि जिथं असायला हवा तिथं थांबला. गाडीचं ठीक चाललं होतं. रहीम रस्त्याकडं पाहायचा, मग काट्याकडं, मग पुन्हा रस्त्याकडं. बोलायला कोणी नव्हतं.