नऊ डुबक्यांची भाची

मित्रांनो, मी एक जुना हवामापक आहे. पितळेचं शरीर, वर जाड काच, आत एक काळा काटा आणि भोवती रबरी टोपण, एवढाच माझा संसार. समुद्राच्या तळाशी जाणारी माणसं पाठीवर हवेची टाकी बांधतात. त्या टाकीपासून निघालेल्या नळीच्या टोकाला मी लोंबकळत असतो. टाकीत हवा किती उरली, ते सांगणं हे माझं काम. टाकी भरलेली असली की काटा दोनशेवर असतो. पन्नासच्या खाली लाल पट्टी आहे. काटा तिथे पोचायच्या आत माणूस वर आलेला असावा, असा साधा नियम आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे एक बाई भिंगातून बघत दिवसभर काटे बसवायच्या. माझा काटा त्यांनी तीनदा काढून पुन्हा लावला. शेजारीण म्हणाली, "अहो, केसाएवढा तर फरक आहे, जाऊ द्या ना." त्या म्हणाल्या, "केसावरच माणूस लटकलेला असतो, बाई." मग माझ्या पाठीवर शिक्का बसला आणि मी जगात आलो.

मला घेतलं ते एका बंदरात काम करणाऱ्या मावशींनी. अर्थात त्या माझ्या मावशी नव्हेत, एका मुलीच्या मावशी होत्या. ती मुलगी पुढे येईलच. मावशी पाण्याखाली जाऊन जहाजांचे तळ तपासायच्या आणि पंख्यांत अडकलेले दोर कापायच्या. घरचे त्यांना कौतुकानं 'पाणबुडी' म्हणायचे. त्यावर त्या म्हणायच्या, "पाणबुडी लोखंडाची असते. माझे गुडघे बघा आणि मग बोला."

बंदराचं पाणी इतकं गढूळ असायचं की मावशींना स्वतःचा हात दिसत नसे. मग त्या मला उचलून थेट डोळ्यांवरच्या काचेला चिकटवायच्या. एकदा मुकादमानं दोर हलवून खूण केली, अजून थोडं काम कर, जहाज सुटायचं आहे. माझा काटा पन्नासवर आला होता. मावशी सरळ वर आल्या. मुकादम सगळ्यांसमोर ओरडला. मावशींनी मला त्याच्या नाकासमोर धरलं आणि म्हणाल्या, "माझ्याशी काय भांडता? याच्याशी भांडा." त्या दिवशी मावशींनी मला गोड्या पाण्यात धुऊन आपल्या बाहीनं पुसलं. एवढा मान मला पुन्हा मिळेल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

पुढे मावशींचा एक कान कायमचा बिघडला. डॉक्टरांनी पाण्यात उतरायला बंदी घातली. शेवटच्या दिवशी त्या इतक्या खिन्न होत्या की मला धुवायचंसुद्धा विसरल्या. मी एका खणात जाऊन पडलो. सोबतीला किल्ली नसलेली कुलुपं, संपलेले सेल आणि सुतळीचा गुंडा. सात वर्षं! अंगावरचं मीठ वाळलं, पितळ हिरवट झालं. राग नाही आला मित्रांनो, पण वाईट वाटलं. काटा शून्यावर टेकवून बसणं म्हणजे काय, ते माझं मलाच ठाऊक.

आणि मग ती मुलगी, म्हणजे मावशींची भाची, पाण्यात उतरायला शिकली.

भाची चष्म्याच्या दुकानात काम करते. लोकांचे डोळे तपासते, भिंगं घासून चौकटीत बसवते. वय एकतीस. मावशींच्या गोष्टी ऐकत मोठी झालेली. पण ठरवता ठरवता इतकी वर्षं गेली. शेवटी ती पाण्यात उतरायला शिकवणाऱ्या एका शाळेत शिकली, परीक्षा झाली, प्रमाणपत्र मिळालं. ते दाखवायला ती मावशींकडे आली, तेव्हा मावशींनी खण उघडला आणि मला तिच्या तळहातावर ठेवलं.

"हे अजून चालतं?" भाचीनं विचारलं.

"मी सांगून काय उपयोग? तपासून आण."

दुरुस्तीवाल्यानं माझं मीठ उतरवलं, नळी आणि आतली रबरी कडी बदलली आणि एका मोठ्या प्रमाण-यंत्राशेजारी मला लावून बघितलं. मग डोळे बारीक करून म्हणाला, "म्हातारा आहे, पण खोटं बोलत नाही." मित्रांनो, त्या वेळी माझी काच नक्की चमकली असणार.

भाचीच्या नावावर तेव्हा अवघ्या नऊ डुबक्या जमा होत्या. तरी तिला मोठी हौस होती. सहा दिवस बोटीवरच राहायचं, तिथेच जेवायचं-झोपायचं आणि रोज दोन-तीनदा पाण्यात उतरायचं, अशा सहली असतात. तिच्याबरोबर शिकलेला एक मित्र होता. वर्गात पाण्यात उडी मारायला तो सगळ्यांच्या आधी उभा, म्हणून त्याचं नाव पडलं होतं 'पहिला नंबर'. दोघांनी मिळून जायचं ठरलं. आता बोट निवडायची होती.

एका रविवारी सकाळी मावशींच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर ही निवड सुरू झाली. मी चहाच्या कपाशेजारी होतो. पहिल्या नंबरानं लॅपटॉप उघडून एक बोट दाखवली. चार मजली, पांढरीशुभ्र, गच्चीवर गरम पाण्याचा हौद.

"आणि जागा बघ," तो म्हणाला. "भर समुद्रात, खोल कडा, जोराचा प्रवाह, शार्कचे कळप. जायचं तर इथेच. नाहीतर घरच्या बादलीत डोकं बुडवून बसू."

भाची फॉर्म भरू लागली. एका रकान्यात विचारलं होतं, आतापर्यंत किती डुबक्या? खाली लिहिलं होतं, किमान पन्नास. पहिल्या नंबरानं बोटीच्या एजंटला फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"ताई, पन्नास लिहून टाका," एजंट म्हणाला. "सगळेच लिहितात. पुढचं आम्ही सांभाळून घेऊ."

"ऐकलंस? पाण्याखाली कोण मोजायला येतंय?" पहिला नंबर म्हणाला.

भाचीनं पन्नास लिहिलं. हो, लिहिलं, मी तिथेच होतो, तुमच्यापासून लपवणार नाही. तिची खूप वर्षांची हौस होती आणि ती बोट खरंच सुंदर होती. पण तिचं बोट पुढचं बटण दाबेना. तिनं मावशींकडे बघितलं.

मावशी भांडी पुसत होत्या. पाठ न वळवताच त्यांनी विचारलं, "तुझ्या दुकानात एखादा अक्षरांचा तक्ता पाठ करून आला तर कळतं तुला?"

"लगेच कळतं. ड्रायव्हरकीचा परवाना काढायचा असला की येतात असे."

"मग काय करतेस?"

"तक्ता बदलते."

"समुद्रही बदलतो, बाई," मावशी म्हणाल्या आणि पुढचं ताट उचललं.

भाचीनं पन्नास खोडून नऊ लिहिलं आणि फोनवर तसं सांगितलं. एजंटचा आवाज एकदम कोरडा झाला. "नऊ? मग अवघड आहे." फोन बंद.

पहिला नंबर फुगून बसला. "हरिश्चंद्राची बहीणच मिळाली मला जोडीदार म्हणून! माझीपण बोट घालवलीस."

मित्रांनो, मी आयुष्यभर माणसांना आकडे दाखवले. पण आपला आकडा लहान आहे, हे माणसाला आपल्याच तोंडानं सांगताना मी पहिल्यांदाच बघत होतो. मला तिचा फार अभिमान वाटला.

दुसरी बोट भाचीनं स्वतः शोधली. लहानशी, आठच पाहुण्यांची. फोटोही कोणीतरी घाईत काढल्यासारखे. फोन उचलला तो बोटीवरच्या गाइडताईंनीच. भाची प्रश्न विचारणार, तर त्याच विचारू लागल्या.

"किती डुबक्या झाल्यात?"

"नऊ," भाची दबकत म्हणाली.

"छान. शेवटची कधी?"

"चार महिने झाले."

"मग पहिल्या दिवशी उथळ पाण्यात सगळी उजळणी. चालेल ना? नाही चाललं तरी तेच करायचंय. कान दुखतात? प्रवाहात कधी पोहलात? पाण्यात भीती वाटली तर सांगाल की लपवाल?"

मावशींना राहवलं नाही. त्यांनी फोन हातात घेतला. "आता माझं ऐका. एका गाइडमागे माणसं किती? आजारी पडलं कोणी तर द्यायला प्राणवायू आहे? आणि सगळे झोपल्यावर पहाऱ्याला जागं कोण असतं?"

"एका गाइडमागे चार माणसं. प्राणवायू आहे, दर सहलीआधी तपासतो. रात्री खलाशी पाळीनं जागे असतात. आणि खालच्या खोल्यांतून बाहेर पडायला दोन वाटा आहेत, ते तुम्ही विचारायच्या आत सांगते," गाइडताई हसत म्हणाल्या. "मावशी, तुम्हीच या की आमची बोट तपासायला."

मावशींनी फोन परत दिला. "जा हिच्याबरोबर. जी बोट आपल्याला उलटे प्रश्न विचारते, ती बोट बरी."

पहिला नंबर कुरकुरत का होईना, आला.

पहिले तीन दिवस सुखाचे गेले. मी सात वर्षांनी पाण्यात उतरलो होतो, आणि तेही असं पाणी! बंदराच्या गढूळपणात जन्म काढलेल्या माझ्यासारख्याला ते निळं, लखलखीत पाणी बघून आपली काच फुटली की काय असं वाटलं. भाची दर काही मिनिटांनी मला उचलून बघायची. पहिला नंबर तिला हसायचा. "त्या म्हाताऱ्याला किती वेळा नमस्कार करशील?"

चौथ्या दिवशी सकाळी आम्ही पोवळ्यांच्या एका उतारावर होतो, सोळा मीटर खोल. गाइडताई दोन पाहुण्यांना घेऊन पुढे, भाची आणि पहिला नंबर जोडीनं मागे. अचानक प्रवाह वाढला. भाचीनं खडकाच्या आडोशाला जवळ राहून सावकाश पाय मारले. पहिला नंबर मात्र प्रवाहाशी कुस्ती खेळू लागला. गाइडताईंनी वळून खूण केली, हवा किती? भाचीनं मला बघून एकशे दहा दाखवले. पहिल्या नंबरानं शंभर दाखवले.

गाइडताई पुढे वळल्या. पण भाची त्याच्याकडे बघत राहिली. त्याच्या बुडबुड्यांना उसंत नव्हती. एकामागून एक भडाभडा वर चालले होते. तिनं हातानं विचारलं, ठीक? त्यानं खूण केली, ठीक. दिवसभर माणसांच्या डोळ्यांत बघण्याचाच तिचा धंदा. ती सरळ त्याच्याजवळ गेली आणि त्याचा हवामापक स्वतः पकडून बघितला. माझा तो नवाकोरा धाकटा भाऊ बिचारा केव्हाचा ओरडत होता, पण मालक बघेल तर ना! काटा लाल पट्टीत, तीसवर.

भाची घाबरली. नळीतून मला तिचा श्वास अडखळलेला कळला. पण क्षणभरच. तिनं आपल्या टाकीची श्वास घ्यायची जादा पिवळी नळी काढून त्याच्या हातात दिली. त्यानं ती तोंडात धरली. तिनं त्याचा पट्टा घट्ट पकडला आणि हातातल्या धातूच्या कडीनं टाकीवर ठोकलं, टण्, टण्, टण्. गाइडताई वळल्या, एका नजरेत सगळं समजल्या आणि वर जायची खूण केली.

आता एका टाकीवर दोन माणसं जगत होती आणि हिशोब माझ्याकडे होता. माझा काटा भरभर खाली येऊ लागला. नव्वद. ऐंशी. भाचीनं घाई केली नाही. वर धावत सुटणं हेच सर्वांत धोक्याचं, हे तिला शिकवलेलं होतं. शरीराला सावरायला वेळ मिळावा म्हणून पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं असतं, तशी ती थांबली. पहिल्या नंबराचे डोळे काचेआड मोठे झाले होते. तिनं मला उचलून त्याच्यासमोर धरलं. बघ, अजून आहे. सत्तर. मग तो जरा निवला. आम्ही सगळे पाण्यावर आलो, तेव्हा माझा काटा साठवर होता, आणि लाल पट्टी अजून खाली होती.

डेकवर पहिला नंबर टॉवेल गुंडाळून बराच वेळ बसला. मग म्हणाला, "मी शंभर का दाखवले, मलाच कळत नाही."

"मला कळतं," भाची म्हणाली. "मीही पन्नास लिहिले होते."

दोघांना एकदम हसू आलं. त्याच्या डोळ्यांत पाणीही होतं. पण समुद्रातून आलेल्या माणसाला ते विचारत नाहीत.

गाइडताईंनी आधी पहिल्या नंबराला तपासलं, चांगलं खडसावलं आणि त्या दिवशी पुन्हा पाण्यात सोडलं नाही. मग भाचीची वही मागून घेतली. "कितवी डुबकी ही तुझी?"

"सोळावी."

"सोळाव्या डुबकीला मला एवढी अक्कल नव्हती," त्या म्हणाल्या आणि वहीत तसंच लिहून सही केली. दुसऱ्या दिवसापासून पहिला नंबर दर दोन मिनिटांनी आपला हवामापक दाखवायला येऊ लागला. शेवटी गाइडताईंनी हात जोडले.

आता मी भाचीच्या घरी एका खुंटीवर सावलीत टांगलेला असतो. घरी येणाऱ्यांना ती मला दाखवते. कोणी नवशिका विचारायला आला की कोणती बोट घेऊ, तर तासभर सांगत बसते. मी ऐकत असतो आणि मनातल्या मनात काटा उंच करून बसतो.

मित्रांनो, माझं एक मागणं आहे. आमच्यासारख्या उपकरणांना वापर झाला की गोड्या पाण्यानं धुवा, उन्हात टाकू नका, वर्षातून एकदा जाणत्या माणसाकडून तपासून घ्या. एवढं केलंत तर आम्ही जन्मभर खरं बोलू. पण आम्ही नुसते आकडे दाखवतो. हात आम्हाला नाहीत. म्हणून पाण्यात असा नाहीतर जमिनीवर, शेजारचा माणूस धापा टाकताना दिसला तर तो 'ठीक आहे' म्हणाला तरी जवळ जा. आणि कोणी तुमच्याजवळ आलं, तर आपला खरा आकडा दाखवा, काच झाकू नका.