रबरात कोरलेलं पान

मी एक ठसा. रबराचा, तळहाताएवढा, पानाच्या आकाराचा. कचेरीतल्या गोल शिक्क्यांशी मात्र माझं नातं जोडू नका. ते बिचारे जन्मभर एकच गोष्ट एकाच शाईत सांगतात. माझ्या अंगावर कधी दोन रंग चढतात, कधी तीन, आणि कागदावर टेकल्यावर काय उमटेल ते मलाही आधी ठाऊक नसतं.

जन्माआधी मी रंगांच्या दुकानात रबराचा एक करडा, गुळगुळीत तुकडा होतो. एका दुपारी एक ठेंगणी बाई आत आली आणि खणखणीत आवाजात दुकानदाराला म्हणाली, "माझ्या ताईला द्यायचंय. तिला रंगांतलं सगळं कळतं, मला ओ की ठो कळत नाही. काय ते तुम्हीच द्या." त्यानं मला दिलं, सोबत एक कोरणी आणि ॲक्रिलिक रंगांच्या सहा ट्यूब. ही बाई म्हणजे माझी मावशी. टेलिफोन खात्यात उभी हयात गेली होती तिची, म्हणून तो आवाज.

आणि तिची ताई, जिनं मला कोरलं, ती माझी आई.

आई कापड गिरणीत चादरींवरची नक्षी काढायची. ती निवृत्त झाली आणि डोळ्यांनी दगा दिला. सगळं अंधारलं असं नाही. नजरेच्या बरोबर मध्यावर डाग पडला. कडेकडेचं दिसायचं, समोरचं पुसलं जायचं. कपाची बशी दिसे, पण कप दिसत नसे. तिनं ब्रश फडक्यात बांधून माळ्यावर टाकले. त्या गाठोड्यात बोलणंही बांधलं गेलं असावं, कारण घरात मावशी एकटीच बोलायची आणि आई हुंकार भरायची.

मावशीनं मला तिच्या हातात ठेवलं तेव्हा मात्र ती बोलली. "आंधळीच्या हातात सुरी देतेस होय?"

"भाजी चिरतेस ना रोज? तेव्हा कुठे बघतेस? सगळं लक्ष तर माझ्या चुका काढण्यात असतं."

आईच्या ओठांचा कोपरा हलला.

खिडकीतल्या कुंडीचं एक पान तिनं खुडलं आणि बराच वेळ चाचपलं. मग ती मला कोरायला बसली. डाव्या हाताच्या बोटानं वाट शोधायची, बोट बाजूला घ्यायचं आणि कोरणी पुढे ढकलायची. रबराची बारीक सालं तिच्या मांडीवर पडत होती. मधली शीर झाली, आडव्या शिरा झाल्या, आणि शेवटच्या वळणावर कोरणी सटकली.

"मेलं! कडेचा तुकडाच उडाला."

"उडू दे. अळीनं खाल्लं म्हणू."

तेव्हापासून मी जन्मजात कुरतडलेलं पान आहे. मला त्याची लाज वाटत नाही. झाडावर तरी कुठे सगळी पानं धड असतात?

मग प्रयोग सुरू झाले, आणि मावशीनं माझे हाल केले. पहिल्यांदा रंगात इतकं पाणी घातलं की मी कागदावर घसरलोच. दुसऱ्यांदा इतका जाड थापला की माझ्या शिरा बुजल्या. एकदा रंग लावून ती फोनवर बोलायला गेली ती गेलीच. ॲक्रिलिक काही कुणासाठी थांबत नाही. तो माझ्या अंगावर वाळून बसला. आईनं मला पाण्यात भिजवलं आणि दात घासायच्या जुन्या ब्रशानं घासघासून मोकळं केलं.

शेवटी स्पंजची युक्ती जमली. एका टोकाला पिवळा टिपायचा, दुसऱ्या टोकाला हिरवा, आणि दोघं भेटतात तिथे हलक्या हातानं टपटप करायचं. रंग पुरते मिसळत नाहीत आणि पुरते वेगळेही राहत नाहीत. दाब सारखा दिला तर शिरांच्या जागी कागद कोरा राहतो. ते वाळल्यावर आईनं बोट फिरवलं आणि ती थबकली.

"अगं, हे उठून आलंय. शीर न् शीर हाताला लागतेय!"

त्यानंतर ती रोज ठसे मारू लागली. आकार तिचं बोट सांगायचं. रंग मात्र मावशीला विचारावे लागत.

"कसे झालेत?"

"छान."

"आणि हे?"

"छानच की."

एके दिवशी आईनं मला ताडकन टेबलावर आपटलं. "डॉक्टर छान म्हणतात, शेजारीण छान म्हणते. आजाऱ्याशी बोलतात तसं सगळे माझ्याशी बोलतात. निदान तू तरी..."

माझी रवानगी बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात झाली. घरात पुन्हा हुंकारच उरले, आणि आता तर मावशीही कमी बोलू लागली.

एका दुपारी ती चपला शिवून आणायला बाहेर गेली आणि डबा उघडला. आईनं एकटीनंच एक जुनी चादर टेबलावर अंथरली. चाचपडत ट्यूब पिळल्या. कुठली कुठली, तिला कळत नव्हतं, आणि मला सांगता येत नव्हतं. लाल, हिरवा, काळा, जांभळा, सगळे माझ्या अंगावर एकमेकांत कालवले गेले. ती मला उमटवत राहिली.

मावशी परतली तेव्हा आई दाराकडे तोंड करून बसली होती. "कसं झालंय?"

मावशीची जीभ 'छ'साठी टाळूला टेकलेली मी पाहिली. मग तिनं पिशवी खाली ठेवली.

"चिखल झालाय, ताई. नुसता चिखल. म्हशी लोळून गेल्यात."

आईनं चादरीची कड मुठीत धरली. वाटलं, आता चादर फाटणार. पण तिला हसू फुटलं. आधी खांदे हलले, मग डोळ्यांतून पाणी आलं. मावशी घाबरून जवळ गेली, तर आईनं तिचा हात घट्ट धरला.

"वाळू दे. हा रंग वाळला की वर हवं ते बसतं. पांढरा काढ. त्यात किंचित पिवळा. किंचित म्हणजे किंचित हं, तुझ्या चहातल्या साखरेसारखा नको."

चिखलावर फिकी पानं उमटू लागली. काळपट कापडावर ती अशी उजळली की मावशीची स्पंज धरलेली बोटं थांबली.

"बोल ना," आई म्हणाली.

"पहिली दोन झकास. तिसरं वाकडं. चौथ्याला दाब कमी पडलाय, कड पुसट आहे. आणि पाचवं... ताई, पाचवं पाहून मला रडू येतंय, पण ते तुला बरं वाटावं म्हणून नाही."

आता ती चादर आईच्या पलंगावर असते. झोपण्यापूर्वी ती पानांवरून हात फिरवते.

मी मात्र म्हातारा झालो. रबर कडक झालंय, दोन शिरा रंगानं कायमच्या बुजल्यात. आईच्या डोळ्यांतला डाग वाढला, पण तिनं माशाचा नवा ठसा कोरला, पिसाचा कोरला, आणि त्यांचा दिमाख माझ्याहून जास्त आहे. नवा रंग करून पाहायचा असला की मात्र पहिली आठवण माझी होते.

तुमच्या हाती कधी माझा एखादा भाऊबंद आला तर रंग वाळायच्या आत त्याला धुवा, एवढं मागणं आहे.

बाहेर दोघींची जुंपलीय. जांभळ्यात निळा किती घालायचा, यावरून. मावशीचा आवाज चढलाय, आईचाही काही कमी नाही. डब्याचं झाकण वाजलं. मला बोलावणं आलंय, निघतो.