आयो आणि कॅलिस्टोचं वजन

माघातलं ऊन चोपड्याच्या त्या शाळेत तिरपं यायचं, आणि त्यात जिनिंग कारखान्याकडून उडत आलेले कापसाचे तंतू संथपणे तरंगत असायचे. निर्मलाबाई मला आठवतात त्या त्याच उजेडात, बोटांच्या पेरांवर वाळलेल्या काळ्या मातीसकट.

त्या विज्ञान शिकवत. नेमणूक तात्पुरती होती. ती कायम होणार की नाही, हे त्या दिवशीच्या पाठावर ठरणार होतं. तपासणीला आलेले साहेब शेवटच्या बाकावर माझ्याशेजारी बसले होते. जळगावच्या इंग्रजी शाळेत वाढलेली मी बी.एड.च्या सरावपाठांसाठी तिथे आले होते. बोलण्यापेक्षा बघणं मला सोपं जायचं. पुढच्या बाकावरच्या हुशार मुलांनाच विचारा, असं मुख्याध्यापकांनी बाईंना बजावलं होतं.

बाईंनी मातीचे दोन गोळे केले होते, गुरूचे दोन चंद्र. लहानगा आयो भरीव मातीचा. कॅलिस्टो आकारमानानं त्याच्या दुपटीहून मोठा, पण पोटात कापूस घातलेला. डोंगराकडच्या गावातून येणाऱ्या, कधीच हात वर न करणाऱ्या सुमनच्या तळव्यांवर त्यांनी ते ठेवले. वजन जवळजवळ सारखंच. असं का, बाईंनी विचारलं.

सुमननं हात हलकेच वरखाली केले, धाकटा गोळा जरा पुढे धरला. "बाई, या धाकलामा पानी मारेल शे."

"तुना आबा मारस तसं का?" मागून कुणीतरी म्हणालं आणि वर्ग हसला. काट्यावर नेण्याआधी वजन वाढावं म्हणून कापसावर पाणी शिंपडण्याची युक्ती तिथे घरोघरी ठाऊक होती. साहेबांची लेखणी हलली.

बाई पुढच्या बाकाकडे वळल्या नाहीत. "पाणी आहे, सुमन. पण मोठ्यात. तिथल्या थंडीत त्याचा बर्फ झालाय, आणि बर्फ दगडाहून हलका. आयो सगळा दगड-लोखंडाचा. आपल्याकडं पाण्यानं कापूस जड होतो. तिथं पाण्यामुळंच कॅलिस्टो एवढा थोराड असून त्या मानानं कमी भरतो."

सुमननं मोठा गोळा पुन्हा एकदा तोलला. मग तिनं मान डोलावली.

"उत्तर तर चुकलंच होतं, बाई," साहेब उठताना म्हणाले.

"हो, साहेब." बाईंनी पदराला हात पुसले.

जूनमध्ये सरावपाठांचा दाखला घ्यायला गेले, तेव्हा वर्गावर दुसऱ्या बाई होत्या. गोळे कपाटावर तसेच होते. उन्हाळ्यानं कॅलिस्टोला तडा गेला होता, आणि फटीतून आलेला पांढरा तंतू वाऱ्यावर थरथरत होता. कुणी बघत नाहीसं पाहून मी ते दोन्ही तळव्यांवर घेतले; वजन अजून जवळजवळ सारखंच. निर्मलाबाईंसारखी दूर गेलेली माणसं वर्षागणिक लहान दिसू लागतात. हाताला मात्र ती तेवढीच भरतात.