शूटिंगसाठी घासलेला बंब

मित्रांनो, मी एक जुना तांब्याचा बंब आहे आणि मी एका सिनेमात काम केले आहे. पण पडद्यावर मला शोधू नका. मी तिथे दिसत नाही.

बंब म्हणजे काय, हे तुमच्यापैकी पुष्कळांना सांगावे लागेल. माझे पोट पिंपासारखे गोल असते आणि पोटाच्या मधोमध एक उभी नळी असते. नळीत जाळ करायचा, म्हणजे तिच्याभोवतीचे पाणी तापते आणि पितळी तोटीतून कढत बाहेर येते.

भोकरदनच्या रखमाजी तांबटांनी मला ठोकून ठोकून घडवले. द्वारकाबाईंच्या लग्नात त्यांच्या वडिलांनी मला आंदण दिले आणि भुशाच्या पोत्यांमध्ये बसून मी बैलगाडीने हसनाबादला आलो. थंडीत पहाटे द्वारकाबाई माझ्या नळीत कापसाच्या पऱ्हाट्या आणि ज्वारीची धसकटे घालत. घरातल्या प्रत्येक बाळाची पहिली आंघोळ माझ्या पाण्याने झाली. शेजारणी म्हणत, "द्वारकाबाई, तुमच्या बंबाचं पानी हाडापोतूर जातं बगा." ते ऐकून माझे पाणी थोडे अधिकच तापत असावे. एकदा एक गोऱ्हा बुजला आणि त्याने मला लाथ घातली. पोटाला पोचे पडले, पण पाणी कधी गळले नाही.

पुढे बादलीत सोडायचे विजेचे हीटर आले. मी गोठ्यामागे गेलो. धुराने आधीच काळा झालो होतो, त्यावर हिरवा कळंक चढला. माझ्या झाकणावर कोंबड्या बसू लागल्या. मित्रांनो, कोंबड्यांचा मला राग नाही. निदान त्या माझ्याजवळ येत तरी होत्या.

मग १९९८चा फाल्गुन आला. गावातला धर्मराज पुण्याला सिनेमा शिकून परतला होता. चार मित्र जमवून त्याला गावातच स्वतःचा सिनेमा करायचा होता. वस्तू शोधत तो गोठ्यामागे आला आणि मला बघून थबकला.

"मावशी, ह्यो बंब द्या. अस्साच पाहिजे!"

द्वारकाबाईंना त्यातले फक्त 'पाहिजे' ऐकू आले.

त्यांचा मुलगा पुंजाराम मात्र वैतागला. "माय, उद्या भंगारवाला येऊन राह्यला. कशाला जागा अडवून ठेवतीस?"

"उद्या त्यो शुटिंगला चालला. सिनेमाच्या कामी आला, की मंग हात लावून दाखव त्याला!"

"आन् वापस पाठवला तर?"

द्वारकाबाईंनी माझ्या झाकणावरची कोंबडी हाकलली. "मंग घाल मोडीत. मी काय बोलणार न्हाई."

आमच्या गल्लीत एक रीत होती. काळे भांडे उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायचे नाही, मग ते शेजारी जावो की लग्नघरी. द्वारकाबाईंनी चिंच भिजवली, मीठ आणि राख घेतली आणि मला घासायला बसल्या. चिंचेच्या आम्लाने कळंक विरघळत गेला. संध्याकाळी मी इतका लखलखलो, की गल्लीतल्या बायका माझ्यात बघून कुंकू नीट करू लागल्या.

सकाळी पुंजारामने मला शूटिंगच्या जागी आणले; द्वारकाबाईही मागोमाग आल्या. ते एक जुने, धाब्याचे घर होते. अंगणात नुसती धांदल चालली होती. कुणी वायरी ओढत होते, कुणी चौकटीबाहेर कोंबड्या हाकलत होते. आत चुलीपुढे बालवाडीच्या बाई, उषा, नऊवारी नेसून आपली वाक्ये पुटपुटत होत्या. भोकरदनच्या फोटो स्टुडिओचे कमरोद्दीन कॅमेरा पुसत होते.

मला बघताच धर्मराजने कपाळावर हात मारला. "मावशी, हे काय करून ठेवलं?"

"काय म्हंजी? घासला. काळा बंब दिसला तर लोकं मला नावं ठेवतील ना, बाबा."

"आवं, आमाला काळाच पाहिजे होता! गरिबाचं घर दाखवायचं, आन् ह्यो तर नवरदेवावानी चमकून राह्यला!"

कमरोद्दीन कॅमेऱ्याला डोळा लावून म्हणाले, "धर्मा, ह्याच्यात सगळेच दिसून राह्यलेत. मी दिसतो, तू दिसतो, ती शेळी बी दिसती. बिलकुल न्हाई चालणार."

"मावशी, राग मानू नका. घरी न्या याला," धर्मराज हळूच म्हणाला.

कुडाजवळून पुंजारामने हाक दिली. "माय, भंगारवाल्याला थांबवून ठेवू ना?"

द्वारकाबाईंनी माझी तोटी पदराने पुसली. 

इतक्यात वीज गेली. खोलीत मिट्ट काळोख झाला. उजेड परतवायला आणलेले थर्मोकोलचे तक्ते एसटीच्या टपावरच मोडले होते. कमरोद्दीन म्हणाले, "कॅमेरा बॅटरीवर चालंल, पन उषाताईंचा चेहराच न्हाई, नुसता अंधार दिसून राह्यला. मुहूर्ताचा नारळ फोडायचा, का पिशवीत वापस ठेवायचा?"

धर्मराज ओट्यावर मटकन बसला.

द्वारकाबाईंनी पदर खोचला आणि घरी न्यायला मला उचलून कमरेवर घेतले. वळताना माझ्या पोटावर ऊन पडले. उजेडाचा एक तांबूस झोत दारातून आत शिरला, भिंतीवरून सरकला आणि उषाबाईंच्या चेहऱ्यावर पडला.

"मावशी! पाय हलवू नका!" कमरोद्दीन ओरडले.

"का? इच्चू हाय का काय?" द्वारकाबाई घाबरून जागीच ताठ झाल्या.

"इच्चू न्हाई, उजेड हाय! जाळ पेटल्यावानी उजेड!"

मित्रांनो, यात जादू नव्हती. सपाट आरसा ऊन जसेच्या तसे फेकतो आणि डोळे दिपवतो. माझे गोल पोट ते पसरवते. तांबे उजेडातला निळा भाग बराचसा गिळते आणि तांबूस भाग परत देते. त्यात गोऱ्ह्याने पाडलेले पोचे होते. त्यांच्यामुळे उजेडाला लाटा आल्या आणि द्वारकाबाईंच्या श्वासाबरोबर त्या चुलीतल्या जाळासारख्या हलू लागल्या.

मला अंगणात दगडावर बसवले. ऊन सरकेल तसे मला फिरवायचे होते. धर्मराजचे दोन मित्र पुढे आले, पण द्वारकाबाई म्हणाल्या, "माझा बंब हाय. दुसऱ्या कुनी हात लावायचा न्हाई!"

धर्मराजने कॅमेऱ्याला कुंकू लावले. द्वारकाबाईंनी विचारले, "आन् ह्याला?" तो हसला आणि माझ्या पोटावरही त्याने बोट टेकवले. नारळ फुटला. पुंजारामने मुकाट्याने आपला रुमाल आईच्या डोक्यावर टाकला. "माय, ऊन लागंल," तो म्हणाला.

पुढच्या वर्षी शाळेच्या मैदानात पडदा लावून तो सिनेमा दाखवला. पुंजाराम मान उंचावून शोधत राहिला. "माय, तुझा बंब तर कुठंच दिसंना."

"उषा दिसती का?"

"दिसती ना."

"मंग कुनामुळं दिसती?"

तेव्हापासून मी पुन्हा अंगणात आहे आणि दर सणाला पुंजारामच मला चिंच लावतो. मित्रांनो, तुमच्या घरातही गोठ्यामागे, माळ्यावर माझी भावंडे असतील. त्यांना मोडीत घालण्याआधी एवढेच करा. एकदा घासा, आणि उन्हात ठेवून बघा.